चांगदेवांचा वाघ

चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानेश्वरांच्या भेटीला आले आणि इकडे भावंडांनी बसल्या भिंतीलाच चालवलं, ही गोष्ट घरोघरी पाठ आहे. भिंतीचं कौतुक अजून सरलेलं नाही. चांगदेव खाली उतरल्यावर त्या वाघाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मुक्ताईनगर तालुक्यात हा प्रश्न हटकून पडतो. तापी-पूर्णेच्या संगमाशी चांगदेवाचं देऊळ आहे, तापीकाठी त्याच भावंडांतली मुक्ताई अंतर्धान पावल्याची जागा आहे, आणि वढोदा, चारठाणा, डोलारखेड्याच्या रानात वाघही आहे. कुणाचं वाहन नसलेला, आपल्या मर्जीचा.

या रानाला २०१४ साली मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालं. क्षेत्र सुमारे १२२ चौरस किलोमीटर. मेळघाट-अंबाबरव्याकडून यावलकडे जाणाऱ्या वाघाच्या वाटेवरचा हा मुक्काम. रान पानगळीचं. चैत्र लागला की साग उघडाबोडका होतो, ओढे आटतात, पाचोळा पावलागणिक वाजतो. आणि बांधापलीकडे केळीचे बाग, हिरवेगार. कंद उकरायला रानडुकरं तिथे शिरतात, त्यांच्या मागावर वाघ. सरकारदरबारी केळी हे शेत. वाघाच्या लेखी ते उन्हाळ्यातलं रानच. रान आणि शेत यांच्यातली भिंत कुणाच्या हुकमाविना रोज चार पावलं सरकते.

ठिबकच्या नळीलगत काळी माती लोण्यासारखी मऊ असते. पाऊल त्यात स्वच्छ उमटतं: रुंद गादी, चार बोटं, नखांचा मागमूस नाही. कुत्र्याच्या पावलात नखं टोचलेली दिसतात. वाघ चालताना ती आत ओढून घेतो. शेजारी प्लास्टिकच्या चपलेचा ठसा, पाणी द्यायला आलेल्या माणसाचा. दोघांची वेळ एकच, कारण पंपाची वीज पाळीपाळीने येते आणि एक पाळी रात्रीची असते.

डुकरं मारणारा वाघ केळीवाल्याचा बिनपगारी राखणदार खरा. पण अंधारात त्याच्याशी गाठ पडली तर हा हिशेब कुणाला सुचणार? भीती वाढली की वाघाचा जीवही धोक्यात येतो. म्हणून इथे वाघ राखायचा तर फलक आणि कुंपणाच्या आधी एक साधी गोष्ट करावी: केळीला वीज दिवसा द्यावी. रात्र वाघाला मोकळी ठेवावी.