काला वेवाचा थांबा

श्रीलंकेच्या सहलीच्या छापील पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: सकाळी अनुराधपूर दर्शन, दुपारी अवुकानाची बुद्धमूर्ती आणि काला वेवा तलाव, मुक्काम दाम्बुल्ला. त्या कागदावर विश्वास ठेवून आम्ही पैसे भरले होते. काला वेवा आम्हाला दाखवला नाही. रस्ता बंद नव्हता, पाऊस नव्हता, कोणी आजारी पडलं नव्हतं. तरी दाखवला नाही, आणि का नाही ते मला ठाऊक आहे, म्हणून आजही त्याची आठवण झाली की माझ्या अंगाची आग होते.

आम्ही लाखनी तालुक्यातले, कोहळी. मी, हे आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. बसमधले बाकीचे बहुतेक भंडारा, पवनी आणि नागपूरकडचे बौद्ध बांधव. त्यांना अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचं दंतमंदिर पाहायचं होतं. आमच्या मामाजींना तलाव पाहायचे होते. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यात कधी विमानात बसला नाही. ‘त्या देशात आपल्यापेक्षा हजार वर्षं जुने तलाव आहेत, आणि त्यांच्यावर अजून धान पिकतो’ एवढं ह्यांनी सांगितलं, तर पासपोर्ट काढायला लगेच तयार झाले.

आमच्याकडे तलावाचं काय असतं ते बाहेरच्यांना थोडं सांगावं लागेल. गोंड राजांच्या काळापासून कोहळ्यांनी ह्या झाडीपट्टीत तलाव बांधले. उतार पाहायचा, ओढा अडवायचा, मातीची पाळ घालायची, तुडुमातून पाणी सोडायचं, खालच्या बांध्यांत धान. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, आणि त्याची लोक आजही कोलासूर म्हणून पूजा करतात. (नवेगाव आता गोंदियात गेलं. १९९९ पर्यंत तो सगळा भंडाराच होता.) पुढे १९५०-५१च्या सुमारास मालगुजारी गेली, मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. मालगुजार चांगले होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी काय काय केलं ते आमच्या घरातही सांगतात. पण पाळीवर फावडं घेऊन जाणारा माणूस तेव्हा होता.

अनुराधपूरला सकाळी बोधिवृक्षाजवळ गेलो. संघमित्रेने बोधगयेहून आणलेल्या फांदीचं ते झाड. भंडाऱ्याच्या एका काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला म्हणाले, ‘बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेला ह्या देशात आले होते. चार वर्षांनी आपल्या भंडाऱ्यात पोटनिवडणुकीला उभे राहिले, तर आपण त्यांना पाडलं.’ मी काही बोलले नाही. काय बोलणार?

तिथून जवळच तिस्सा वेवा. वेवा म्हणजे तलाव. मामाजी पाळीवर चढले, पाण्याकडे पाहिलं आणि गाइडला त्यांच्या हिंदीत विचारलं, ‘ये पानी कहाँ से आता है? पाऊस तर दिसत नाही.’ गाइड चाळिशीचा सिंहली माणूस, हिंदी बरी बोलायचा. त्याने सांगितलं, हे पाणी काला वेवातून येतं. पाचव्या शतकात धातुसेन राजाने तो तलाव बांधला आणि तिथून इथपर्यंत कालवा काढला, जवळजवळ ८७ किलोमीटर. सुरुवातीच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये त्याला किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटीमीटर उतार आहे.

मामाजींनी ते दोनदा विचारून घेतलं. १० सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. ज्याने जन्मभर एका बांधीतलं पाणी दुसऱ्या बांधीत फावड्याने नेलं आहे, त्यालाच कळतं की एवढ्या उतारावर पाणी चालवणं म्हणजे काय. जरा उतार वाढला तर माती कापत जाईल, जरा कमी झाला तर पाणी जागीच उभं राहील. आणि हे दीड हजार वर्षांपूर्वी, दुर्बिणीशिवाय. बसमध्ये बसल्यावर मामाजी मला म्हणाले, ‘बाई, आज ह्या पाण्याचं मूळ पाहाचं आहे.’ दुपारचं जेवणसुद्धा त्यांनी घाईघाईत केलं.

जेवणानंतर बस एका मोठ्या काचेच्या इमारतीपुढे थांबली. पत्रकात ह्या जागेचं नाव नव्हतं. टूर मॅनेजर म्हणाला, अर्धा तास, स्वच्छतागृहसुद्धा चांगलं आहे. आत गेल्यावर दारं लागली आणि रत्नपुरेच्या खाणींवरची फिल्म सुरू झाली. मग खाणीची प्रतिकृती. मग खडे घासणारे कारागीर. मग दालन, आणि प्रत्येक जोडप्यामागे एक विक्रेता. नीलम, चंद्रकांत, पुष्कराज. नको म्हटलं तर स्वस्तातला ट्रे निघतो, तोही नको म्हटलं तर वरच्या मजल्यावर लाकडी मुखवटे आणि बाटिक. आमच्यात बहुतेक शेतकरी, शिक्षक, निवृत्त कारकून. कोणाला नीलम घ्यायचा होता? तरी संकोचाने लोक उभे राहिले, कारण समोरचा माणूस इतक्या अदबीने दाखवतो आहे. एका जोडप्याने अंगठी घेतली, आणि तिचं माप, पावती, कार्ड ह्यात आणखी वेळ गेला. मामाजी बाहेर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. मी तीनदा मॅनेजरकडे गेले. प्रत्येक वेळी ‘बस, निघतोच आहोत.’ अर्ध्या तासाचे दोन तासांहून जास्त झाले.

बस सुटल्यावर मॅनेजरने माइक घेतला. उशीर झाला आहे, अवुकाना आणि काला वेवा केलं तर हॉटेलवर पोचायला रात्र होईल, तुम्ही दमला असाल, काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आणि त्याने हात वर करायला सांगितले.

ह्या हात वर करण्यावर मी खूप विचार केला आहे. जे कबूल करून पैसे घेतले, त्यावर मतदान कसं होतं? दुकानात जायचं की नाही ह्यावर मतदान झालं नाही. तिथे दोन तास घालवायचे का, ह्यावरही नाही. लोकांना उन्हात आणि दुकानात दमवून झाल्यावर मत मागितलं. हॉटेलच्या बाजूने जास्त हात वर गेले, आणि त्या लोकांचा मला राग नाही, त्यांचे पाय दुखत होते. पवनीच्या एका ताई मात्र उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीत स्तूप निघाला, तो पाहायला कोणी गाडी थांबवत नाही. निदान इथली मूर्ती तरी दाखवा.’ अवुकानाची मूर्ती अखंड खडकातून कोरलेली, चाळीस फुटांच्या घरातली, तीही धातुसेनाच्याच काळातली मानतात. मीही उभी राहिले. म्हटलं, एका वृद्ध माणसाने ह्या एका जागेसाठी एवढा प्रवास केला आहे. त्यावर मॅनेजर म्हणाला, ‘काकू, तलावच तर आहे. तुमच्या भंडाऱ्यात तलाव कमी आहेत का?’

बस हसली. मामाजी खिडकीबाहेर पाहत होते.

मॅनेजरला वाटलं त्याने मला गप्प केलं. पण आमच्याकडे तलाव आहेत म्हणूनच तर आम्हाला तो पाहायचा होता! ज्याच्या घरी गाय आहे तोच दुसऱ्याच्या गोठ्यात डोकावतो. दुकानांचं कमिशन गाइड आणि मॅनेजर ह्यांना मिळतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि सहलीचा दर कमी ठेवण्यासाठी कंपन्या ते गृहीत धरतात हेही. मग तसं छापा ना. जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कोणत्या दुकानांत किती वेळ थांबणार ते आधी लेखी मागा, आणि वगळलेल्या ठिकाणाचे पैसे परत मिळणार का तेही विचारा. आम्ही परतल्यावर पत्र पाठवलं. उत्तरात पुढच्या सहलीवर सवलत आली. काला वेवाबद्दल एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया. जंगलातून एकदम वर आलेला दोनेकशे मीटरचा खडक, त्याच्या माथ्यावर राजवाडा. पायथ्याशी गाइडने गोष्ट सांगितली. हा किल्ला कश्यपाचा. कश्यप हा धातुसेनाचा मुलगा. त्याने बापाला कैद केलं आणि लपवलेला खजिना मागितला. धातुसेन म्हणाला, काला वेवाला घेऊन चला, तिथे दाखवतो. तलावात उतरून त्याने ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझं धन एवढंच. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं, आणि सावत्र भावाच्या भीतीने ह्या खडकावर येऊन राहिला.

मामाजी पाण्याच्या बागेजवळच्या दगडावर बसले. मी म्हटलं, ‘मामाजी, हळूहळू चढू, निम्म्यापर्यंत तरी.’

‘नाही, बाई. बापाचा तलाव नाही पाहिला, मग मारेकऱ्याचा किल्ला काहून पाहू?’

ह्यांनीही समजावलं. नाहीच उठले. मी चढले. मनात ठरवलं होतं की मला आवडणार नाही, पण मध्यावरच्या कपारीतल्या त्या चित्रांतल्या स्त्रिया पाहिल्या आणि पाय हलेनात. पंधराशे वर्षांनंतरही हातातली फुलं ताजी. सिंहाचे ते दोन पंजे, वरचं तळं, सगळंच अद्भुत आहे. मामाजींचं म्हणणं मला पटलेलं होतं आणि तरी मी वर गेल्याचा मला आनंद आहे. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र आहेत, त्यांचं मी काय करू?

पोलोन्नरुव्याला मात्र मामाजींना तलाव मिळाला. पराक्रमबाहूने बाराव्या शतकात जुने तलाव जोडून बांधलेला पराक्रम समुद्र. आभाळातून पडलेला थेंबही माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्राला जाऊ नये, अशी त्या राजाची भूमिका होती. गावाला लागूनच पाळ आहे, चौदाएक किलोमीटर लांब, तिला वगळून गावात फिरताच येत नाही. बाकीचे अवशेष पाहायला गेले तेव्हा गाइड स्वतःहून मामाजींपाशी थांबला. का थांबला ते त्याने सांगितलं नाही. मी ह्यांना अवशेष पाहायला पाठवलं आणि पाळीवर राहिले.

दोघं तासभर बोलले. मामाजींनी पाणी सोडायची जागा पाहिली, पाळीचा आतला दगडी उतार हाताने चाचपला. पाण्याचा दाब आवरण्यासाठी पाळीत बांधलेल्या चौकोनी दगडी विहिरीबद्दल, तिला तिकडे बिसोकोटुवा म्हणतात, खोदून खोदून विचारलं. मिन्नेरियाचा तलाव बांधणारा महासेन राजा तिथे देव होऊन बसला आहे, हे गाइडने सांगितलं तेव्हा मामाजी इतके खूश झाले की त्यांनी त्याला कोलासुराची सगळी कथा ऐकवली, अर्धी हिंदीत, अर्धी झाडीबोलीत.

मग गाइड स्वतःचं बोलला. त्याचा भाऊ ह्याच तलावाखाली भात लावतो. २०२१ साली सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि त्या हंगामात भावाचं पीक निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी देशाचं दिवाळं निघालं, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, पर्यटक नाहीत. दोन्ही भावांची घरं गाइडच्या जमा पैशांवर चालली, तेही संपले. आता हंगाम आहे तोवर जे मिळेल ते, असं तो म्हणाला. दुकानाचं नाव त्याने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तिथे मावळला. दुकानात गेलेल्या दोन तासांचा नाही मावळला, तो वेळ मामाजींचा होता.

जाता जाता त्याने बेतमाची रीत सांगितली. हंगामाआधी शेतकऱ्यांची बैठक होते, पाणी कधी सोडायचं ते ठरतं. तलावात पाणी कमी असेल तर सगळी जमीन लावत नाहीत. तलावाजवळची तेवढीच जमीन लावायची, आणि ती त्या हंगामापुरती सगळ्यांनी वाटून घ्यायची. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यालाही वरच्या जमिनीत तुकडा मिळतो. हंगाम संपला की ज्याची जमीन त्याला. मामाजी उभेच राहिले. ‘मालक देतो? भांडन नाही करत?’ गाइड म्हणाला, करतात, पण देतात.

घरी आल्यावर मी हे ज्याला त्याला सांगत सुटले. आमच्या तलावाखालच्या टोकाच्या लोकांना उन्हाळी धानाला पाणी पोचतच नाही, हे दर वर्षीचं आहे. मामाजींनी गावच्या बैठकीत बेतमा मांडला. टोकाचे लोक हो म्हणाले, तुडुमाजवळचे गप्प बसले. रात्री जेवताना ह्यांनी मला विचारलं, ‘आपल्या बांध्या कुठे आहेत?’

तुडुमाजवळ आहेत. पहिलं पाणी आम्हालाच मिळतं. वाटून घ्यायची तर आधी आमची जमीन वाटावी लागेल, आणि उन्हाळी धानाच्या पैशावरच मुलाच्या शिक्षणाचं चाललं आहे. मामाजी म्हणतात, एक हंगाम देऊन पाहू. हे म्हणतात, दुसरे देतील तेव्हा आपण देऊ. मी अजून कोणाच्याच बाजूने बोललेले नाही, आणि उन्हाळी धानाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.