आशेच्या भूशिरावरील जिरेनियम

बेळगावच्या जुन्या बंगल्यांच्या पायऱ्यांवर आणि निलगिरीवरील घरांच्या ओसरीत तांबड्या फुलांचे जे झाड कुंडीत लावलेले असते, त्यास आपण सर्रास जिरेनियम म्हणतो. वस्तुतः ते जिरेनियम नव्हे. त्याचे शास्त्रोक्त नाव पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ साली दोहोंस एकाच कुळनामाखाली घातले होते. १७८९ साली लेरितिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मतानुसार ते निराळे काढण्यात आले. पण तोवर जुने नाव माळ्यांच्या तोंडी इतके बसले होते, की ते आजतागायत सुटलेले नाही. दोन्ही नावे ग्रीक भाषेतील पक्ष्यांवरून आली आहेत. जिरेनियम म्हणजे क्रौंच, पेलार्गोनियम म्हणजे करकोचा. कारण दोहोंचे फळ लांब चोचीसारखे असते. भेद ओळखावयाचा तर फूल पाहावे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन निराळ्या आणि खालच्या तीन निराळ्या, शिवाय फुलाच्या देठाला चिकटून मधाची एक बारीक नळी.

या झाडाचे माहेर पाहावयाचे असेल तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकास जावे लागेल. १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाशने ज्यास वळसा घातला, आणि ज्यावरून पुढे गोव्याची गलबते शतकानुशतके ये-जा करीत राहिली, तेच हे आशेचे भूशिर. पेलार्गोनियमच्या सुमारे २८० जातींपैकी बहुतेक सर्व दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग या नैर्ऋत्य कोपऱ्यात दाटलेला आहे. थोड्या जाती पूर्व आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात व तुर्कस्तानात विखुरलेल्या आहेत, आणि एक तर सेंट हेलेना या एकाकी बेटावर.

केपटाऊन शहराच्या पाठीशी टेबल माउंटन उभा आहे. आपल्या पावसाळ्याच्याच जून ते ऑगस्ट महिन्यांत तेथेही पाऊस पडतो. परंतु तो तेथील हिवाळा. उन्हाळा कोरडा, आणि त्यात आग्नेयेकडून असा वारा सुटतो की माणसाने टोपी धरून चालावे. शहरातील घाण हवा उडवून नेतो म्हणून त्या वाऱ्यास तेथे ‘केपचा डॉक्टर’ म्हणतात. डोंगराच्या पूर्व पायथ्याशी वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस होतो, तर शहराच्या सपाटीवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक असल्यामुळे एकेका ओहळाची, एकेका खडकाची जात निराळी झाली आहे.

समुद्राकडच्या उतारांवर कुकुलाटम नावाची जात पुरुषभर उंच वाढते. वाटीसारखी खोलगट पाने आणि जांभळट गुलाबी फुले; सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बहर. वणवा लागून झुडुपे जळून गेली, की मोकळ्या झालेल्या जमिनीत जी झाडे प्रथम डोके वर काढतात त्यांत ही असते. वाळूच्या टेकड्यांवर कॅपिटाटम पसरते; तिचे पान चुरडले की गुलाबाचा वास येतो. डोंगरातील ओलसर सावलीत टोमेन्टोसम सापडते. तिच्या मखमली पानांस पुदिन्याचा गंध. हे सर्व गंध फुलाचे नव्हेत, पानाचे आहेत. गुलाबगंधी संकर जातींपासून काढलेले तेल अत्तरे व साबण यांत जाते, आणि त्याची शेती रियुनियन बेटाप्रमाणे आपल्या निलगिरीवरही झालेली आहे.

किर्स्टनबोश या उद्यानाचा उल्लेख न करून कसे चालेल? १९१३ साली टेबल माउंटनच्या पूर्व पायथ्याशी ते स्थापन झाले. परदेशी झाडे मिरविण्याची बागांची रीत सोडून त्याने आपल्याच देशीच्या झाडांना मान दिला. मला यापेक्षा शहाणपणाची बाग ठाऊक नाही.

युरोपात पोचलेल्या पहिल्या जातींपैकी ट्रिस्टे ही मात्र दिसावयास अगदीच उदास. गाजरासारखी पाने, मळकट पिवळी-तपकिरी फुले. दिवसा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. रात्री मात्र ती पतंगांसाठी सुगंध सोडते. १६३१ साली जॉन ट्रॅडेस्कंट या इंग्रज माळ्याने ती पॅरिसहून आणली. मौज अशी की युरोपीय लोक तिला हिंदुस्थानची समजत. हिंदुस्थानाहून परतणारी गलबते वाटेत केपला थांबत. त्यांतून उतरलेले सारेच हिंदुस्थानचे!

आपल्या कुंडीतील झाड मात्र या रानातल्या कोणाही एकाचे सरळ वंशज नाही. पानावर गडद कडे असलेली झोनाले १७०० साली केपच्या डच गव्हर्नरने हॉलंडला पाठविली. लालभडक इन्क्विनन्स १७१४ पर्यंत लंडनच्या बिशप कॉम्प्टन यांच्या फुलहॅम येथील बागेत होती. या दोहोंच्या संकरातून आजचे नेहमीचे कुंडीतील प्रकार झाले. खिडकीतून खाली लोंबणारे वेलीसारखे प्रकार पेल्टाटमपासून, आणि मोठ्या डागदार फुलांचे ‘रीगल’ प्रामुख्याने कुकुलाटमपासून.

माहेर पाहिले म्हणजे आपल्याकडे हे झाड पावसाळ्यात का कुजते, हे कळते. त्याला पाऊस हवा तो थंडीतला, आणि तोही निचऱ्याच्या जमिनीत. उष्ण दमट हवेत त्याचा देठ काळा पडतो. म्हणून जूनपूर्वी कुंडी पडवीत घ्यावी, मातीत रेती भरपूर मिसळावी, सकाळचे ऊन द्यावे, आणि वरची माती सुकल्याखेरीज पाणी घालू नये. पावसाळा सरल्यावर फांदी कापून एक दिवस सावलीत सुकू द्यावी व मग रेताड मातीत लावावी. कोकणातील व गोव्याच्या किनाऱ्यावरील गृहिणींनी फार आशा धरू नये. बेळगावकरांना ते साधते.

केपपासून दूर पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशात आणि लेसोथोत सिडॉइडीस नावाची जात आहे. तिची फुले काळपट किरमिजी आणि इवलीशी. किंमत आहे ती मुळास. तेथील लोक ते खोकल्यावर व पोटाच्या विकारांवर वापरीत आले आहेत. १८९७ साली चार्ल्स स्टीव्हन्स नावाचा क्षयरोगी इंग्रज दक्षिण आफ्रिकेत आला. तेथील एका वैद्याने दिलेल्या मुळाने आपण बरे झालो असे सांगून मायदेशी परतल्यावर त्याने ते औषध विकावयास काढले. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला भोंदूपणात काढले. स्टीव्हन्सने दावा लावला, पण तो हरला. या मुळाने क्षय बरा होतो हे आजही सिद्ध झालेले नाही. तथापि त्याचा अर्क श्वासनलिकेच्या दाहावर, विशेषतः जर्मनीत, खूप खपू लागला आणि खणणाऱ्यांची रांग रानात उतरली.

खणणारे बहुतेक गरीब. हातात येणारे पैसे थोडे, आणि झाडास पुन्हा वाढावयास लागणारी वर्षे बरीच. अर्क काढण्याच्या कृतीवर युरोपात एकस्व घेण्यात आले, तेव्हा पूर्व केपमधील ॲलिस या गावच्या लोकांच्या वतीने हरकत घेण्यात आली. हे ज्ञान आमच्या आजोबांपासून चालत आले आहे, त्यात नवे ते काय, असा प्रश्न होता. २०१० साली युरोपीय एकस्व कार्यालयाने ते एकस्व रद्द केले. मूळ खणण्याचे काम पुढेही चालूच राहिले. खणताना मुळाचे काही तुकडे जमिनीत राहू दिले, तर त्यांतून झाड पुन्हा फुटते. मात्र सारेच उपटून नेले तर खड्डा तेवढा उरतो.