कपाटातील आठ सेल

स्मरणिकेसाठी लेख पाठविण्याची सूचना आली, तेव्हा आम्हां वर्गमित्रांना एकच प्रसंग आठवला. तो आमच्या गौरवाचा नाही. तरीही त्याची नोंद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

2006 साल. सोलापुरात भारनियमनाचे दिवस होते. सायंकाळची वंदना आटोपून अभ्यासास बसावे आणि दिवे जावेत, हा वसतिगृहाचा नित्यक्रम झाला होता. एका हितचिंतकांनी विद्यालयास दोन विजेऱ्या आणि चार्जिंगचे आठ पेन्सिल सेल भेट दिले होते. एप्रिलअखेर सुट्टी लागली, तेव्हा आम्ही आठही सेल पूर्ण चार्ज करून पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवले. जूनच्या मध्यास परतलो. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज गेली. विजेऱ्या क्षणभर मिणमिणल्या आणि विझल्या.

सातवीत गेलेला एक मुलगा त्या सुट्टीत वसतिगृहातच राहिला होता. त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामास होते. खोल्या झाडण्यासाठी किल्ली त्याच्याकडे असे. आम्ही दहावीच्या मुलांनी त्यास घेरले. "दादा, मी कपाटाला हातसुद्धा लावला नाही," एवढेच तो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला नाही. अधीक्षकांकडे तक्रार केली नाही, हेच आपले औदार्य असे मानले; मात्र वर्षभर विजेरीभोवतीच्या बैठकीत त्यास जागा दिली नाही. तो कंदील घेऊन व्हरांड्याच्या टोकाला एकटाच वाचत बसे.

आमच्यापैकी दोघे पुढे पदार्थविज्ञान शिकले, तेव्हा त्या सेलच्या पोटात काय होते, ते कळले.

धातू वायू शोषून घेतो, हे पूर्वीच ठाऊक झाले होते. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन सामावून घेतो, असे थॉमस ग्रॅहम यांना 1866 मध्ये लंडन येथे आढळले. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर दुभंगतो आणि सुटे अणू धातूच्या अणूंमधील पोकळ्यांत जाऊन बसतात. पॅलेडियम फार महाग. पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लॅन्थनमचा एक अणू आणि निकेलचे पाच अणू अशा मिश्रधातूत हाच गुण आढळला, आणि तोही नेहमीच्या तापमानास, अल्प दाबाखाली. हायड्रोजन आत शिरताना उष्णता बाहेर पडते; उष्णता दिली की तो पुन्हा बाहेर येतो. या मिश्रधातूच्या शंभर किलोंत सुमारे 1.4 किलोच हायड्रोजन मावतो, म्हणून टाकी जड होते. मॅग्नेशियममध्ये तो 7.6 टक्क्यांपर्यंत मावतो, पण परत मिळविण्यास सुमारे 300 अंश सेल्सिअस तापमान लागते. तरीही काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने अशा मिश्रधातूंत साठविलेल्या हायड्रोजनवर मोटारसायकल चालवून दाखविली.

आमच्या पेन्सिल सेलमध्ये याच कुळातील मिश्रधातू होता. सेल चार्ज होताना आतील द्रावणाच्या पाण्यातील हायड्रोजन त्यात शिरतो. विजेरी लावली की तो बाहेर येतो, त्याचे पुन्हा पाणी होते आणि त्या क्रियेतून वीज मिळते. हायड्रोजनवरची धातूची पकड सैल असते, म्हणूनच तो हवा तेव्हा परत मिळतो. पण त्यामुळेच सेल नुसता पडून असला, तरी थोडा थोडा हायड्रोजन धातूतून निसटतो, दुसऱ्या ध्रुवापर्यंत पोहोचतो आणि तेथील साठा खर्ची घालतो. त्या काळचे असे सेल सर्वसाधारण हवामानातही महिन्याभरात पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक साठा गमावीत. उष्णतेने ही गळती वेगाने वाढते. येथे तर सोलापूरचा मे महिना, चाळिशीपार गेलेला पारा, पत्र्याची बंद खोली आणि तब्बल दीड महिना.

ते सेल कोणी वापरलेच नव्हते.

मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्ही त्यास बाजूला घेऊन हे सारे सांगितले. मिश्रधातू, पोकळ्या, उष्णता. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुम्हाला ते आत्ता कळलं. मला तर तेव्हाच माहीत होतं."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. खरे पाहता विज्ञान शिकेपर्यंत थांबण्याचे कारणच नव्हते. कपाटात ठेवलेली वस्तू आपोआप कमी होत नाही, हा आमचा समज होता आणि तो तपासून पाहणे त्या रात्रीही शक्य होते. सेल पुन्हा चार्ज करून, कुलूपबंद ठेवून, महिन्याने विजेरी लावून पाहिली असती, तरी पुरे होते. किल्ली ज्याच्या हाती, तोच दोषी, असे ठरविणे आम्हांस अधिक सोपे वाटले.

विद्यालयाच्या दप्तरी त्या आरोपाची नोंद नाही, कारण तो आम्ही तोंडीच केला होता. आज या स्मरणिकेत तो आम्ही लेखी मागे घेत आहोत.