पेट्रोल जाते कुठे? : दादर ते वाई, एका जुन्या गाडीतून

मुंबईहून वाईला जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. पनवेल, खोपोली, बोरघाट, पुणे, कात्रज, खंबाटकी आणि मग सुरूरचा फाटा. अंतर अडीचशे किलोमीटरांच्या जरा आतच. वाटेतली देवळे, वडे आणि चिक्की यांवर आजवर भरपूर शाई खर्च झाली आहे. परंतु याच रस्त्यावर गाडीतले पेट्रोल नेमके कोणत्या वळणावर आणि कशापायी संपते, याचा हिशेब कोणी मांडलेला पाहण्यात नाही. २०२५ च्या माघात आमच्या आत्याबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला वाईस जाण्याचा योग आला, आणि तो हिशेब मांडण्याची संधी मिळाली. संधी कसली, गरजच म्हणा ना!

आमची गाडी एस्टीम, २००५ सालची. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. पंधरा वर्षे झाल्यावर तिची फेरनोंदणी केली, तिची पाच वर्षांची मुदत २०२५ अखेर संपायची होती. पुन्हा नोंदणी करायची की गाडी भंगारात द्यायची, हा प्रश्न घरात उभा होता. गाडीचे ॲव्हरेज दोन वर्षांत घसरत गेले होते. नाना म्हणत, “माझ्याखातर ठेवू नका. खाते जास्त आणि चालते कमी, अशा माणसाला कोणी ठेवून घेते का?” बोलताना ते गाडीकडे पाहत नसत, एवढे मात्र आम्हां सर्वांच्या ध्यानात आले होते.

या खटल्यात साक्ष दिली ती सौ.च्या वहीने. २००५ पासून प्रत्येक वेळी टाकी फुल केली की किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसले, याची नोंद ती करीत आली आहे. वही चाळता चाळता चिरंजीवांच्या लक्षात आले की ॲव्हरेज हळूहळू नव्हे, तर २०२३ च्या उन्हाळ्यात एकदम खाली आले आहे. हमरस्त्यावर लिटरला सोळाच्या आसपास जाणारी गाडी तेरावर आली होती. त्याच महिन्यात वहीच्या समासात सौ.चे टिपण होते : ‘रेडिएटरचे काम’.

मग एका जुन्या, अनुभवी मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने इंजिनाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, “रस्त्यावर असताना तापमानाचा काटा कुठे असतो?” काटा दोन वर्षे तळाशीच असे, आणि गाडी तापत नाही म्हणून आम्ही सारे समाधानी होतो. तो हसून म्हणाला, “थर्मोस्टॅट काढून टाकलाय, साहेब.” रेडिएटरचे काम करणाऱ्या गॅरेजने गाडी पुन्हा तापायला नको म्हणून तो छोटासा वॉल्व्हच काढून ठेवला होता. ही पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु इंजिनाला त्याची ठरावीक ऊब लागते. ती मिळाली नाही की इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटते, गाडी आत्ताच सुरू झाली आहे, आणि तो जास्तीचे पेट्रोल सोडत राहतो. थंड तेलही घट्ट राहून यंत्राला अडवते. म्हणजे दोन वर्षे आमची गाडी थंडीच्या पहाटेच धावत होती!

नवा थर्मोस्टॅट बसला. प्लग बदलले. मागच्या एका चाकाचा ब्रेक घासत होता, तो सोडवला. तो ओळखण्याची खूण सोपी आहे : चार-पाच किलोमीटर चालवून उतरावे आणि चाकांजवळ हात न्यावा. जे चाक इतरांहून गरम लागेल ते अडकलेले. एअर फिल्टर स्वच्छ होता. नाही तरी इंजेक्शनच्या गाडीत मळक्या फिल्टरने ओढ कमी होते, पेट्रोल फारसे वाढत नाही. ती तक्रार जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची. एवढे झाल्यावर ठरले की वाईचा प्रवास हीच गाडीची परीक्षा. पास झाली तर राहील.

पहाटे साडेचारला दादरला टाकी फुल केली. त्याआधी, चाके थंड असतानाच, हवा भरून घेतली. हवा पाहायची ती गाडी चालण्यापूर्वी, कारण टायर तापले की काटा खोटे बोलतो. महिन्याला एखाद-दुसरा पौंड हवा आपोआप जाते आणि मऊ टायर रस्त्याला चिकटत चालतो. टपावरचा कॅरिअर वर्षभर रिकामाच डोक्यावर बसला होता, तोही काढला. डिकीतून निघालेले सामान पाहून सौ. थक्क झाली : दोन छत्र्या, फरशीचा एक तुकडा, क्रिकेटची बॅट आणि रद्दीचा गठ्ठा.

पनवेलपर्यंत काळोख होता. द्रुतगती मार्ग सोडून आम्ही जुन्या रस्त्याला लागलो. चिरंजीवांचा हट्ट तसाच होता. त्यांचे म्हणणे असे की हवा ही भिंत आहे, आणि वेग वाढवला की ती वर्गाच्या प्रमाणात जाड होते. सत्तरचे शंभर केले की हवेचा विरोध दुप्पट होतो. वाचलेला वेळ तासात मोजला तर थोडा आणि पेट्रोल मात्र पुष्कळ. पी.सी.आर.ए. ही १९७८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था तर ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग सर्वांत काटकसरीचा सांगते. आम्ही साठ-सत्तरच्या मध्ये राहिलो. वरच्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून. मागून येणारे ट्रकवाले काय म्हणाले असतील ते असो.

खोपोलीला चहा झाला आणि बोरघाट चढू लागलो. हा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. वाटेतच शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर म्हणून त्याची आख्यायिका आहे. नानांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. वर अमृतांजन पूल होता, तो एप्रिल २०२० मध्ये पाडला. तेथे आले की नाना अजून मान वर करून पाहतात.

चढावर चिरंजीवांनी गणित घातले. गाडी, आम्ही चौघे आणि सामान मिळून सुमारे १,२०० किलो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत हे वजन साधारण ५०० मीटर उचलायचे. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर नुसत्या उचलण्यालाच पाऊण लिटर पेट्रोल लागते. म्हणजे डिकीतल्या रद्दीचीही हमाली आपणच देत असतो. येथे काटकसर एकच : इंजिन गुदमरेपर्यंत वरचा गिअर ओढू नये आणि ते किंचाळेपर्यंत खालचाही ठेवू नये.

पुण्याला वळसा घालणाऱ्या बायपासवर वाहतूक अडली ती वीस मिनिटे. उभी गाडी शून्य किलोमीटर चालते आणि तरी पिते. आमच्याएवढे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल जाते. पुढची गाडी हलण्याचे चिन्ह नसेल तर इंजिन बंद करावे. आम्ही ते केले आणि काचा खाली घेतल्या. शहरातल्या संथ चालीत उघड्या काचा स्वस्त पडतात. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की त्याच काचा वारा अडवतात, तेव्हा त्या मिटून घेतलेल्या बऱ्या.

खंबाटकीचा घाट चढून माथ्यावर आलो, आणि पलीकडचा उतार दिसताच खरा वाद पेटला. नाना म्हणाले, “आता न्यूट्रलमध्ये सोड. फुकटचा प्रवास!” त्यांच्या पिढीने पद्मिनी अशाच चालवल्या. मुंबईतली पद्मिनीची शेवटची टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, परंतु न्यूट्रलची श्रद्धा अजून जिवंत आहे. चिरंजीव म्हणाले, “आजोबा, या गाडीत उलटे आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यासाठी त्याला पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे तुमची पद्धत महागाची!”

नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि इंजिनच बंद केले तर?” याचे उत्तर मीच दिले. इंजिन बंद झाले की ब्रेकला जोर देणारी इंजिनाची ओढ थांबते, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. किल्ली चुकून पुरती फिरली तर स्टिअरिंगही अडकते. नुसत्या न्यूट्रलमध्येही सारा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी पकडत नाहीत. बोरघाटात आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी किती घरे उजाड केली, हे पुणेकरांना सांगायला नको. चार थेंबांसाठी हा सौदा कोणी करू नये. आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. खाली पोहोचल्यावर नाना एवढेच म्हणाले, “ब्रेकचा वास आला नाही हं या वेळी.”

वाईत शिरताना पंपावर टाकी पुन्हा फुल केली. दोन्हीकडे नळी आपोआप बंद झाली की थांबायचे, वर एक थेंबही नाही, असा नियम ठरला होता. २४२ किलोमीटर आणि १५.१ लिटर. लिटरला सोळा! २०२३ च्या दिवाळीत याच प्रवासाला वहीप्रमाणे १८.५ लिटर लागले होते. लिटरला शंभराच्या वर दर असताना एका खेपेला साडेतीनशे रुपये वाचले.

चिरंजीव मात्र पुरते खूश नव्हते. जुन्या पेट्रोलवर एवढ्या सावकाश चालवले असते तर सतरा मिळाले असते, असे ते म्हणाले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धर्तीच्या मोटारींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. त्याला गाडीवाल्याकडे उपाय नाही. जुन्या रबरी नळ्या तेवढ्या तपासून बदलाव्यात. महागडे पेट्रोल घालून साध्या इंजिनाचे ॲव्हरेज वाढत नाही, आणि पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबके तर ज्योतिषाच्या दुकानात शोभावीत.

वाडा पाहुण्यांनी भरला होता. कृष्णामाईचे घाट, १७६२ मधले ढोल्या गणपतीचे देऊळ, सारे आत्याबाईंच्या आरतीला सजल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मंडळी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहून आली. वसईच्या विजयानंतर आणलेली तेथली घंटा दाखवताना आमचे नाना नातवाला १७३९ साल बजावून सांगत होते. कालच्या पराभवाची भरपाईच ती!

संध्याकाळी मोठ्या अभिमानाने मी आत्याबाईंना सोळाचा आकडा सांगितला. त्यांनी विचारले, “गाडी नवी होती तेव्हा किती देत होती?” म्हटले, “सोळाच.” त्या म्हणाल्या, “मग तुम्ही मिळवलेत काय? गळके भांडे लिंपलेत, एवढेच.” आयुष्यभर एका मास्तरांच्या पगारात घर चालवलेली बाई ती! खरोखर, जुन्या गाडीचे ॲव्हरेज वाढवणे म्हणजे बहुतेक वेळा गळती शोधणेच असते. हवेत, वजनात, घासणाऱ्या ब्रेकमध्ये आणि आपल्या उजव्या पायात.

तिसऱ्या दिवशी पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाऊन आलो. बारा किलोमीटरांत सुमारे ५८० मीटर चढ. जाताना हिशेबाने दीड लिटर, उतरताना जवळजवळ काहीच नाही. टेबललँडवर नाना गाडीला टेकून स्ट्रॉबेरी खात बसले. आईला शेवटचे पाचगणीला आणले ते याच गाडीतून. त्याविषयी ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

परतीला पुन्हा वाईत टाकी फुल करून निघालो. सातशे मीटर उंचीवरून समुद्राकडे उतरायचे असल्याने गाडीने दादरपर्यंत १३.६ लिटर घेतले. लिटरला सतराच्या वर. सौ.ने दिव्याखाली वही उघडून आकडा लिहिला. पान संपले होते. नानांनी ती वही हातात घेतली, पहिल्या पानावरचे २००५ चे स्वतःच्या अक्षरातले आकडे पाहिले आणि म्हणाले, “उद्या नवी आण. चांगली जाड आण, पाच वर्षे पुरायला हवी.”