आबाजींची औटकी

इतवारीच्या सराफा ओळीत आबाजी गादीवर बसायचे, तेव्हा शेजारी कॅल्क्युलेटर असायचा. पण त्याला हात लागायचा तो गिऱ्हाइकाची खात्री पटवायला. सतराची औटकी विचारली, की मी मनात साडेतीनाचा गुणाकार मांडेपर्यंत त्यांचं ‘साडेएकोणसाठ’ येऊन गेलेलं असे. ओठ किंचित हलत, नजर मात्र काट्यावरून ढळत नसे.

तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, रुपयाचे सोळा आणे. या हिशेबात वाढलेल्या पोराला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असावेच लागत. 1957 साली दशमान नाणी आली, पुढच्या वर्षापासून मेट्रिक वजनं येऊ लागली. गरज सरली, तरी आबाजींचे पाढे काही सुटले नाहीत. मला शिकवताना ते म्हणत, ‘‘डोस्क्यात नाई, जिभेवर बसाले पायजे थे.’’

या बोलण्याचा पडताळा मेंदूच्या अभ्यासात सापडतो. 2003 साली ऑस्ट्रियातल्या मार्गारेटे डेलाझर आणि सहकाऱ्यांनी काही जणांकडून अवघड गुणाकार आठवडाभर घोटून घेतले आणि मग एफएमआरआय यंत्रात त्यांचा मेंदू पाहिला. नवे गुणाकार करताना मेंदूचा पुढचा भाग आणि संख्यांचं प्रमाण जोखणारा भाग राबत होता. घोटलेल्या गुणाकारांच्या वेळी मात्र डाव्या बाजूचा ‘अँग्युलर गायरस’ तुलनेने अधिक सक्रिय झाला. भाषेशी जोडलेला हा भाग. उत्तर आता मांडून काढलं जात नव्हतं, आठवलं जात होतं.

त्याआधी 1994 मध्ये अमेरिकेत मार्कस रायकल यांच्या गटाने शब्दांवर असाच प्रयोग केला होता. नाम दिसलं की त्याला साजेसं क्रियापद बोलायचं. तीच यादी जेमतेम पाव तास घोटली, तोच आधी राबणारे पुढचे भाग निवांत झाले. नवी यादी देताच पुन्हा कामाला लागले.

पाठांतर म्हणजे पोपटपंची, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. औटकी जिभेवर होती, म्हणूनच सोन्यात घट किती धरायची, गिऱ्हाईक कुठे अडलंय, याकडे आबाजींचं लक्ष मोकळं राहत असे, असं मी मानतो. तुमच्या घरात औटकी येणारं कुणी असेल, तर ती नातवंडांकडून म्हणवून घ्या आणि फोनमध्ये रेकॉर्डही करून ठेवा.