मालेगावचा सुपरमॅन आणि त्र्यंबकचे फाळके

नाशिक जिल्ह्याने सिनेमाला काय दिलं, असं विचारलं की उत्तर तयार असतं: दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकलाच वारले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, मीही मुलींना घेऊन गेले आहे. पण याच जिल्ह्यात, आग्रा रोडने शंभरेक किलोमीटरवर, सिनेमाचं आणखी एक गाव आहे. तिथे सहल जात नाही.

मालेगावबाहेरच्या माणसाला मालेगाव म्हटलं की २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. त्याच्या आधीच, २००० साली, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी दोस्तांना जमवून ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. डाकूंना घोडे कुठून आणणार? सायकली दिल्या. क्रेन नव्हती, बैलगाडी होती. लोक हसले आणि गर्दी करून बघायला आले. शुक्रवारी पॉवरलूमला सुट्टी, त्या दिवशी गावाला सिनेमा हवाच असतो.

‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये तर थेट अमेरिकेच्या हिरोलाच गावात उतरवला. पॉवरलूमवर काम करणारा शफीक शेख हा सडपातळ तरुण सुपरमॅन झाला. खलनायक घाणीचा शौकीन. हे विडंबन मला निव्वळ टवाळी वाटत नाही. जगभर ताकदीची जाहिरात करणारा तो पिळदार देह काढून त्या जागी कापसाच्या धुळीत बारा तास उभा राहणारा कामगार ठेवला, की सुपरमॅनपेक्षा गावच जास्त दिसायला लागतं. गटारी दिसतात, खोकला ऐकू येतो. घोषणा एकही नाही. बंडखोर सिनेमा म्हणजे समजायला अवघडच असला पाहिजे, असं मानणाऱ्यांनी हा बघावा.

फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, म्हणून हे जगाला कळलं. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरांत आला. शफीक मात्र २०११ मध्येच तोंडाच्या कर्करोगाने गेला.

फाळके काय वेगळे होते? त्यांनीही विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, घरातच सगळा कारखाना मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, तर अण्णा साळुंके तारामती झाले. एकाला आपण जनक म्हणतो आणि दुसऱ्याला ‘गंमत’. फाळक्यांचे देव आणि मालेगावचा सुपरमॅन दोघेही जुगाडावरच उडाले, हे विसरतो.

एका बाबतीत मात्र मी मालेगावच्या बाजूने बोलणार नाही. १९१३ मध्येच, पुढच्या सिनेमात, फाळक्यांकडे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. नंतर शंभर वर्षं होत आली तरी मालेगावच्या सिनेमाला नटी बाहेरून आणावी लागत होती. आमच्या मोहल्ल्यांची हसण्याची ताकद मोठी आहे, पण त्या हसण्यात मुलींची जागा कडेला, बहुतेकदा पडद्यामागेही नाही. नववीच्या मुलींना मी माहितीपटातले तुकडे दाखवले तेव्हा एकीने विचारलं, “टीचर, यात सुपरमॅनची बहीण काय करते?” मी म्हटलं, तूच लिही. तिने उर्दूत तीन पानं लिहिली. बहीण उडत नाही, पण कॅमेरा तीच धरते.

मला काळजी वेगळीच आहे. फाळक्यांच्या कितीतरी फिल्म्स नष्ट झाल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. मालेगावचे सिनेमे तर व्हिडिओ कॅसेट आणि सीडीवरचे. कॅसेटला बुरशी लागते, सीडी घासून जाते, घर बदलताना दोन्ही भंगारात जातात. यूट्यूबवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, तिथून कधी काय गायब होईल सांगता येत नाही.

तेव्हा ईदला मालेगावला जाल, मामूंच्या किंवा खालांच्या घरी कपाटावर अशी जुनी कॅसेट सापडली तर फेकू देऊ नका. कोरड्या डब्यात ठेवा, कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कॉपी करून घ्या. आणि वर चिठ्ठी चिकटवा: सिनेमाचं नाव, साल, कोणकोण दिसतं. नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल.