गावाचा फलक

त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या यात्रेकरूची पावले सहसा ठरलेल्या वाटेनेच पडतात. नाशिक मागे पडले की थोड्याच वेळात ब्रह्मगिरीचे काळेभोर कडे समोर उभे राहतात. मग कुशावर्तात स्नान होते, नानासाहेब पेशव्यांनी 18व्या शतकात बांधविलेल्या काळ्या पाषाणाच्या मंदिरात दर्शन होते, निवृत्तिनाथांच्या समाधीवर माथा टेकला जातो. आणि पायांत बळ उरलेच तर गंगाद्वाराच्या पायऱ्याही चढल्या जातात. या साऱ्या भव्य गोष्टींच्या गावात नगरपरिषदेच्या सूचनांचा एक साधा फलकही असतो. त्याच्यापुढे कोणी हात जोडून उभे राहत नाही. देवळाने गावाला कीर्ती दिली खरी. परंतु गावाचा उद्याचा दिवस कसा जाणार, हे सांगण्याचे काम मात्र या फलकाकडे आलेले आहे.

त्यावर लिहिलेले असते तरी काय? नळ दुरुस्तीसाठी बंद राहणार आहेत; घरपट्टी अमुक तारखेपर्यंत भरावी; यात्रेच्या दिवशी वाहने गावाबाहेर उभी करावीत; मोकाट जनावरे मालकांनी बांधून ठेवावीत. वरवर पाहता या ओळींत वाचण्यासारखे काही नाही. परंतु ज्या घरी उद्या लग्न आहे, त्या घरच्या माणसाला नळाची ती एक ओळ एखाद्या काव्यापेक्षाही अधिक हलवून सोडते!

फलक येण्यापूर्वी हे काम दवंडी करीत असे. डफावर थाप पडे, 'ऐका हो ऐका' अशी आरोळी उठे, आणि चुलीपुढची बाई हातातले काम तसेच ठेवून दाराशी येई. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही जाहीरनाम्याच्या संदर्भात दवंडीला स्थान मिळाले, यावरून तिचा मान ध्यानी यावा. दवंडीचा मोठा गुण असा की, ऐकणाऱ्याला अक्षर येते की नाही, हे ती विचारीत नसे. तिचा दोष असा की, वारा फिरला म्हणजे शब्दही फिरे. आणि एकदा ऐकून गेलेली गोष्ट पुन्हा ताडून पाहण्याची सोय उरत नसे. फलकाने हा दोष दूर केला. त्यावरची ओळ उद्याही तिथेच असते, तिच्याकडे बोट दाखविता येते. मात्र दवंडीचा तो गुण त्याला साधला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्याशी फलक बोलत नाही. आता सूचना मोबाईलवरही येते. पण त्याच वाटेने अफवाही येते, आणि दोघींचा वेष अगदी सारखा असतो. साधने बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला: ज्याला सांगावयाचे, त्याच्यापर्यंत ते पोहोचले काय?

या सूचनांची भाषा हाही एक गमतीचा विषय आहे. 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' या एका वाक्यखंडात 'तमाम' आणि 'नागरिक' हे दोन दूरच्या घराण्यांतले शब्द शेजारी शेजारी बसतात. जप्ती, वसुली, थकबाकी, मुदत हे शब्द जुन्या दफ्तरांतून आले. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, अतिक्रमण, निर्मूलन हे संस्कृताच्या आधाराने नव्याने रुळले. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान दिले, तेव्हा सामान्य माणसाचा कारभार त्याच्याच भाषेत चालावा, हा त्यामागचा हेतू होता. तरीही 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही प्रस्तावित असल्याने' अशी ओळ वाचून म्हातारा माणूस शेजारच्या मुलाला विचारतोच, "बाळा, हे आपल्या बाजूचे आहे की विरुद्ध?" भाषा मराठी असणे निराळे आणि ती समजणे निराळे, हे त्या प्रश्नात सारे येऊन जाते.

त्र्यंबकेश्वरच्या फलकावर पाण्याचा उल्लेख वारंवार यावा, याचे परक्या माणसाला नवल वाटते. गोदावरी जिथे उगम पावते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढ-श्रावणात पाऊस धारा धरून कोसळतो, तिथे पाण्याची काय वाण? परंतु पाऊस पुष्कळ पडणे आणि पाणी हाती राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. डोंगराचा उतार तीव्र, खाली काळा कातळ. पडलेले पाणी धावत सुटते. कातळाच्या पोटात ते फारसे मुरत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते, म्हणून ते उकळून प्यावे लागते; आणि उन्हाळ्यात आसपासच्या डोंगरपाड्यांतील बायकांना हंडा घेऊन दूरवर चालावे लागते. मेघांच्या माहेरी राहणाऱ्यांच्या नशिबीही काटकसर असते, ती अशी.

त्यातून या गावाचा हिशेब इतर गावांसारखा सरळ नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गावाची वस्ती सुमारे 12 हजारांची. परंतु श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखो माणसे लोटतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात. घर 12 हजारांचे आणि पंगत लाखांची! त्या दिवशीचे पाणी, दिवे, झाडलोट, औषधपाणी या साऱ्यांची व्यवस्था त्या लहान घरालाच पाहावी लागते. म्हणून इथली सूचना केवळ रहिवाशांसाठी लिहून भागत नाही. जो आज सकाळी प्रथमच आला आणि संध्याकाळी निघून जाणार आहे, त्यालाही ती कळावी लागते.

तशीच ती खालच्या गावांसाठीही असते. 'नदीपात्रात निर्माल्य व कचरा टाकू नये' ही ओळ वाचणाऱ्याला वाटते की, ती आपल्या गल्लीपुरती आहे. परंतु इथून निघालेले पाणी नाशिकला जाते, पैठणला जाते, नांदेडला जाते; तेलंगण आणि आंध्र ओलांडून सुमारे 1465 किलोमीटरांचा प्रवास करून समुद्राला मिळते. उगमाजवळ राहणाऱ्याने केलेली स्वच्छता किंवा अस्वच्छता वाटेवरच्या कित्येकांच्या वाट्याला येते. एवढा लांबचा विचार त्या लहानशा ओळीत दडलेला असतो.

आता फलकाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहणारेही आहेत. देवळाच्या वाटेवर फुलांच्या आणि बेलाच्या टोपल्या मांडून बसणाऱ्या बायका घ्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षर येत नाही. पण फलकावर नवा कागद लागला की त्यांच्याइतकी काळजी क्वचितच कोणाला वाटत असेल. शाळेतून परतणाऱ्या पोराला हाताशी धरून त्या विचारतात, "काय लिहिलंय रे? आपल्याला उठवणार तर नाहीत?" रस्ता रुंद करावयाचा ही गावाच्या दृष्टीने सोय; टोपली उचलावी लागणे ही एका घराच्या दृष्टीने भाकरीची गोष्ट. दोन्ही खऱ्या आहेत. 2014 च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने अशा माणसांच्या उपजीविकेची दखल घेतली आणि त्यांच्या प्रतिनिधींना समितीत जागा दिली. कायद्याची ही वार्ता त्या टोपलीपर्यंत नेऊन पोहोचवावी, याहून चांगले काम फलकाला दुसरे कोणते?

कधी सूचना चालू धंद्याला वळण लावते. 23 मार्च 2018 रोजी राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली. पातळ पिशवीत फुले देण्याची सवय लागलेल्यांना प्रथम ती जाचक वाटावी, हे साहजिकच. परंतु पिशवी येण्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या बायकांच्या हातांना पानांचे द्रोण टाचता येत होते. नव्या नियमाने एका जुन्या कसबाला पुन्हा हाक मारली, एवढेच.

या गावात नोंदींची दोन दप्तरे शेजारी नांदतात. एक तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. दूरच्या गावाहून आलेला माणूस आपले आडनाव आणि गाव सांगतो, तेव्हा उपाध्याय जुनी वही उघडून त्याच्या आजा-पणजांची नावे वाचून दाखवितात, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. दुसरे दप्तर नगरपरिषदेचे. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म आणि मृत्यू 21 दिवसांच्या आत कळवावा लागतो. हे दप्तर वाचून कोणाचे डोळे भरून येत नाहीत. पण त्यातला जन्माचा दाखला नसेल तर मुलाची शाळेची आणि पुढची कित्येक कामे अडतात. पहिली वही माणूस कोणाचा हे सांगते. दुसरी त्याचा हक्क कोणता हे सांगते. गावाला दोहोंचीही गरज असते.

या फलकाने पाहिलेला सर्वांत कठीण काळ 2020 चा होय. ज्या गावाचे सारे जीवन 'या' या एका अक्षरावर उभे, त्या गावाला त्या वर्षीच्या मार्चपासून 'येऊ नका' असे लिहावे लागले! करोनाच्या साथीमुळे देऊळ बंद झाले. फुलवाल्या, पेढेवाले, रिक्षावाले, खोल्या देणारे, पूजा सांगणारे अशा सर्वांची मिळकत एका ओळीने थांबली. ती ओळ ज्याने लिहिली, त्याच्या घरातलेही कोणी देवळाच्या वाटेवर दुकान मांडून बसत असेल. आषाढात निवृत्तिनाथांच्या पादुका पायी दिंडीने न जाता मोजक्या माणसांसह बसने पंढरपुरी गेल्या. श्रावणातली प्रदक्षिणेची वाट 2020 आणि 2021 अशी दोन वर्षे ओस राहिली. 16 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यातील मंदिरे उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. पोटावर पाय देणारी आज्ञा पाळणे सोपे नसते. ती कशासाठी आहे हे पटले, तरच माणूस ती मनापासून पाळतो. आणि पटवून देण्यास हुकमाचा सूर पुरत नाही, विश्वासाचा लागतो.

दर 12 वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि सिंहस्थ भरतो. तेव्हा शब्दांची जोखीम फारच वाढते. 2003 च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, नाशिक येथे चेंगराचेंगरी होऊन 39 यात्रेकरू मृत्युमुखी पडले. गर्दीत पुढे काय चालले आहे हे मागच्याला दिसत नाही, ही तिची मोठी भीती असते. कोणत्या वाटेने यावे, कोणत्या वाटेने जावे, कोठे थांबावे, हे वेळेवर आणि स्पष्ट कळणे हाच अशा वेळी जीव वाचविण्याचा उपाय ठरतो. 2015 च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 25 सप्टेंबर असे तीन मुख्य स्नानांचे दिवस होते. पुढच्या सिंहस्थातील पहिले मुख्य स्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी जाहीर झालेले आहे. त्या तयारीसाठी राज्याने 2025 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणही नेमले. हिंदी, तेलुगू, कन्नड, गुजराती बोलणारी माणसे त्या दिवशी एकाच अरुंद गल्लीत असतील. त्या सर्वांना कळेल असा एक बाण आणि एक शब्द रेखाटणे, ही मोठ्या पांडित्याची नव्हे, तर मोठ्या आस्थेची गोष्ट आहे.

फलकाचे काम नुसते सांगण्याचे असते, असे मात्र कोणी समजू नये. घरपट्टीच्या यादीबरोबर 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी ओळ येते; तिथे फलक ऐकावयाला तयार झालेला असतो. 2005 च्या माहिती अधिकाराने नागरिकाला विचारण्याची वाट दिली. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर कोणती सेवा, किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देईल, हे कार्यालयाने फलकावर लावावे असे ठरविले. त्यामुळे फलक हा आता केवळ नागरिकांना त्यांच्या कर्तव्याची आठवण देणारा राहिलेला नाही. तो कार्यालयालाही त्याच्या वचनाची आठवण देतो. मात्र वचन वाचणारेच कोणी नसेल, तर ते मोडल्याचेही कोणाला कळत नाही. मुदत टळून गेल्यावर 'आम्हांला कोणी सांगितलेच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. जुन्या कागदावर आपल्या दुकानाची जाहिरात चिकटवून जाणारेही भेटतात. लिहिणाऱ्याने सोपे लिहावे, खरे लिहावे, वेळेवर लिहावे. वाचणाऱ्याने थांबून वाचावे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे. यांतले एक जरी राहिले, तरी गाव तेवढ्यापुरते मुके किंवा बहिरे होते.

देवळाच्या दगडांवरची अक्षरे शतकानुशतके टिकावीत म्हणून कोरलेली असतात. फलकावरची अक्षरे मात्र पुसण्यासाठीच लिहिलेली असतात. पाणी आले की पाण्याची सूचना निघते, यात्रा पार पडली की वाटांची सूचना निघते. तिथे कोणाचे नाव राहत नाही, कीर्ती राहत नाही. परंतु नळाला पाणी येते, बाळाचा दाखला मिळतो, गर्दीत आलेली म्हातारी सुखरूप आपल्या गावी परतते. फुलवालीचा मुलगा ओळ संपवून आईकडे पाहतो आणि सांगतो, "आई, उद्या बसायला हरकत नाही!" आई टोपलीतली फुले सारखी करते, आणि त्या फलकाकडे पाठ फिरवून निश्चिंत मनाने घराकडे चालू लागते.